दहा लिटरची बादली

दिवाळी अंकाच्या संपादकांचा निरोप थोडक्यात होता. न्यू जर्सीतल्या एडिसनला मूळच्या वेंगुर्ल्याच्या एक बाई तळघरात प्रवाळ वाढवतात. नोकरी आणि दोन मुली सांभाळून दहा वर्षांहून जास्त काळ वाढवतायत. ते कसं जमतं ते बघून ये. ताई एका रुग्णालयाच्या सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत काम करतात. पाळी दुपारची, घरी यायला मध्यरात्र होते. टाकीत काय काय आहे हे त्या पुढे सांगणारच होत्या, पण सुरुवातीला बराच वेळ त्या बोलल्या ते वेळाबद्दल: कुठला वाचवला, कुठला वाचवायचा नाही असं ठरवलं.

टाकी चार फूट लांब, ७५ गॅलनची, म्हणजे सुमारे २८० लिटरची. तिच्याखालच्या कपाटात दुसरी लहान टाकी, तिला संप म्हणतात. गाळणी, हीटर, पंप सगळं तिच्यात. वरच्या टाकीत डाव्या बाजूला हॅमर कोरलचा मोठा झुबका आहे. प्रत्येक शुंडकाच्या टोकाला हातोडीच्या डोक्यासारखी आडवी गाठ, फिकट हिरवी, आणि पंपाच्या प्रवाहात सगळा झुबका एका लयीत हलत असतो. मऊ प्रवाळांचे दोन जाड कंद, दगडाला बिलगलेली मशरूम प्रवाळं, दोन क्लाऊनफिश आणि काचेवर शेवाळ खात फिरणाऱ्या गोगलगायी. दिवे दुपारी एकला लागतात आणि रात्री उशिरा विझतात. प्रवाळांना एडिसनच्या सूर्याशी देणंघेणं नाही, त्यांना रोज ठरलेले तास उजेड मिळाला की झालं. ताईंनी तो दिवस पुढे ढकलून आपल्या पाळीशी जुळवून घेतलाय. कामावरून आल्यावर त्यांना टाकी जागी सापडते.

या छंदाला मोठा इतिहास आहे, तो पटकन सांगून टाकतो. खाऱ्या पाण्यातले मासे लोक आधीपासून पाळत होते, प्रवाळ मात्र काही आठवड्यांत मरत. १९६१ साली जकार्त्याच्या ली चिन एंग यांनी एका अमेरिकन मासिकात लिहिलं की, समुद्रातून जिवंत दगड आणा, थोडी हवा सोडा आणि पाण्याला त्याचं काम करू द्या. त्या दगडांच्या भोकाभोकांत राहणारे जीवाणू मासे पाण्यात सोडतात तो विषारी अमोनिया पचवतात. नव्या टाकीत असा एक दगड टाकणं म्हणजे दुधाला विरजण लावणं. मग १९७०च्या दशकात पीटर विल्केन्स यांनी पाण्यातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी चुन्याची निवळी वापरायला सांगितलं, जर्मनीत फेस काढणाऱ्या स्किमरचा वापर रुळला, आणि १९९४ साली ज्युलियन स्प्रंग आणि चार्ल्स डेलबीक यांच्या ‘द रीफ अ‍ॅक्वेरियम’ या ग्रंथाचा पहिला खंड आला. ताईंकडे तो आहे, पानं पाण्याने फुगलेली.

माझं लक्ष मात्र कपाटाशेजारच्या एका पांढऱ्या बादलीवर खिळलं होतं. झाकण घट्ट, झाकणातून एक बारीक नळी बाहेर, आणि बादलीवर मार्करने लिहिलेलं: १०.

ती बादली का आहे, हे समजायला टाकीचं एक साधं दुखणं समजून घ्यावं लागतं. पाणी उडतं, मीठ उडत नाही. हिवाळ्यात घर तापवलेलं आणि हवा कोरडी असली की या टाकीतून दिवसाला सुमारे चार लिटर पाणी जातं. ते तसंच सोडलं तर समुद्राच्या पाण्यातली हजारी पस्तीस भागांची खारट चव चढत जाते आणि प्रवाळ मिटतात. म्हणून गेलेलं पाणी गोड्या, गाळलेल्या पाण्याने भरून काढायचं. दुसरं दुखणं असं की, हॅमरसारखं दगडी प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतं आणि त्यासाठी लागणारं सगळं पाण्यातून ओढून घेतं. समुद्रात ते संपत नाही, २८० लिटरमध्ये संपतं. बादलीतली चुन्याची निवळी ही दोन्ही कामं एकदमच करते.

ताईंच्या आजीकडे वेंगुर्ल्याला ताकासारखीच, स्वच्छ भांड्यात झाकून ठेवलेली निवळी असायची, लहान मुलांना द्यायला. इथे अमेरिकन किराणा दुकानात लोणच्यासाठी खायचा चुना मिळतो, तो त्या वापरतात. हातमोजे आणि चष्मा घालूनच, कारण निवळीचा सामू बाराच्या वर असतो. पाण्यात चुना ढवळायचा, बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी घ्यायचं आणि तळ हलवायचा नाही. झाकण उघडं राहिलं तर हवेतला कार्बन डायऑक्साइड लागून वर कडक पापुद्रा धरतो आणि तेवढा चुना फुकट जातो.

निवळी टाकीत सोडतो तो एक अंगठ्याएवढा प्लॅस्टिकचा तरंगता गोळा. संपातलं पाणी खाली गेलं की गोळा खाली येतो, त्यातलं चुंबक आतली बारीक पट्टी जोडतं, पंप सुरू होतो. पाणी वर आलं की गोळा वर, पंप बंद. याहून साधं यंत्र सापडायचं नाही. पण २०१६ साली एका संध्याकाळी एक गोगलगाय चढून नेमकी त्या गोळ्यावर बसली. तिच्या वजनाने गोळा खालीच राहिला आणि पंप थांबेना. तेव्हा ताईंकडे १९ लिटरचं पिंप होतं, भरलेलं, निवळी पूर्ण ताकदीची. त्या कामावर होत्या. रात्री आल्या तर टाकीतलं पाणी दुधासारखं पांढरं झालेलं आणि मासे पृष्ठभागाशी तोंड काढून. पुढच्या दोन दिवसांत फांद्यांच्या प्रवाळांचं मांस सांगाड्यावरून सालीसारखं सुटून आलं. टाकीची दोन वर्षं गेली.

नंतर त्यांनी जे केलं, त्यासाठी मला हा लेख लिहावासा वाटला. एका गोळ्याचे दोन केले, दोघांचं एकमत असेल तरच पंप चालतो. गोळ्यांभोवती जाळीचा पिंजरा बसवला. पंपाला टायमर लावला, एका वेळी दोन मिनिटांहून जास्त तो चालूच शकत नाही. निवळी निम्म्या ताकदीची केली. आणि पिंप काढून दहा लिटरची बादली ठेवली. हिशोब त्यांनी कागदावर मांडून दाखवला: सगळं निकामी होऊन आख्खी बादली टाकीत गेली, तरी पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे कार्बोनेटचा साठा, साधारण दोन अंशांनी चढेल. प्रवाळांना झटका बसेल, पण बहुतेक जगतील. मोठा अपघात होणारच नाही, यावर त्या विसंबल्या नाहीत. झालाच तर तो केवढा असेल, याचं माप ठरवलं.

मी विचारलं, आता इतक्या खबरदाऱ्या आहेत, तर पुन्हा मोठं पिंप का नाही? दहा लिटर अडीच दिवसांत संपतात. एवढ्या धावपळीत मध्यरात्री पाणी भरायचं कशाला?

“मोठं पिंप ठेवलं ना, तर मी पंधरा दिवस खाली येणार नाही,” त्या म्हणाल्या. “मी मला ओळखते. पाळी संपली, धुणं आहे, मोठीचा अभ्यास आहे. टाकी चालूच असेल, सगळे पंप चालू असतील. आणि पंधरा दिवसांनी आले की कुठलं तरी एक प्रवाळ मेलेलं असेल आणि ते कधी मिटायला लागलं ते मला सांगता येणार नाही.”

मला या वाक्याने अस्वस्थ केलं. आज बाजारात अशी यंत्रं आहेत की ती क्षार मोजतात, मोजून हवं ते सोडतात, पाणी बदलतात, फोनवर आलेख पाठवतात. दमलेल्या माणसाला ती खरंच आधार देतात, त्यांना नावं ठेवायची माझी इच्छा नाही. तापमान आणि गळती यांची फोनवर सूचना देणारी यंत्रं ताईंकडेही आहेत. पण प्रवाळ आजारी पडतं ते आधी आकाराने सांगतं. कालपर्यंत बोटभर लांब असलेली शुंडकं अर्धीच बाहेर आलेली असतात. दगडाच्या फटीत पारदर्शक, तपकिरी ऐप्टेशिया, म्हणजे शेजाऱ्यांना डंख मारणारं उपद्रवी समुद्रफूल, दिसतं तेव्हा ते एक असतं. महिन्याने वीस असतात. यातलं काहीही आलेखावर येत नाही. बादली भरायला पाच मिनिटं लागतात आणि ताई खाली वीस मिनिटं असतात. त्या पंधरा मिनिटांवर टाकी जगलीय, असं माझं मत झालं.

त्या रात्री मीही त्यांच्याबरोबर खाली होतो. त्यांनी आधी स्किमरचा आवाज ऐकला. हे एक उभं नळकांडं असतं. तळाशी पंप पाण्यात हवेचे बारीक बुडबुडे कोंबतो, माशांच्या खाण्याचा आणि विष्ठेचा सेंद्रिय चिकटा त्या बुडबुड्यांच्या पृष्ठभागाला धरतो, फेस गळ्यातून चढत वरच्या पेल्यात पडतो. पेल्यात गडद हिरवट काळं पाणी साठलं होतं, वास सुकटीच्या पाण्यासारखा उग्र. ताईंनी गळ्याच्या आतून बोट फिरवून चिकटा पुसला, पेला धुतला. आवाज जरा खर्जात गेला होता, म्हणून हवेची नळी काढून तिच्या तोंडाशी साठलेलं मीठ कोमट पाण्याने विरघळवलं. मग बादली. मग खुर्ची ओढून त्या नुसत्या बसल्या.

अल्कलिनिटी मात्र रविवारी सकाळी, आणि हातानेच. पाच मिलिलिटर पाणी कुपीत घ्यायचं, रसायनाचे थेंब टाकत मोजायचे. निळं पाणी ज्या थेंबाला पिवळं होतं तेवढे अंश. समुद्रात ते सातच्या आसपास असतात, ताई आठ ठेवतात. सात की नऊ याने फारसं बिघडत नाही, या रविवारी सात आणि त्या रविवारी दहा याने बिघडतं. आलेला आकडा त्या भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलने लिहितात, तिथीच्या खाली. मी मागची पानं चाळली. आठ, आठ, आठ, सात, आठ. २०१८ची पानं त्यांनी जपून ठेवलीत. धाकटीचा जन्म त्या वर्षीचा आहे, आणि पुढचे कित्येक चौकोन कोरे आहेत.

त्या कोऱ्या चौकोनांच्या काळात ताईंनी टाकी लहान केली नाही, यादी लहान केली. फांद्यांची अ‍ॅक्रोपोरा प्रवाळं रंगाने सगळ्यांत देखणी आणि चुकीला सगळ्यांत कमी माफ करणारी. २०१६नंतर जिद्दीने पुन्हा लावलेली ती सगळी त्यांनी कापून, वेळ असलेल्या दुसऱ्या एका पाळणाऱ्याला देऊन टाकली. जे एखादा आठवडा दुर्लक्ष सोसेल तेच ठेवलं. २०२०मध्ये प्रयोगशाळेत दुप्पट काम आलं तेव्हाही ही टाकी तगली ती त्या कापाकापीमुळे. छंदातली माणसं अशा वेळी बहुतेक सगळंच विकून मोकळी होतात किंवा सगळंच ओढत राहून मोडतात, हे ताईंनी आजूबाजूला पाहिलंय.

आता मात्र पेच मोठा आहे. ताईंच्या वडिलांना वेंगुर्ल्यात अर्धांगाचा झटका आला. भाऊ मुंबईला आहे, आईचं वय झालंय. जानेवारीपासून वर्षभर बिनपगारी रजा घेऊन जायचा विचार चाललाय. टाकी बरोबर नेता येणार नाही. जगभरातल्या सगळ्या दगडी प्रवाळांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवाने लागतात, आणि भारतात २००१ साली दगडी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेली, वाघाच्या रांगेत. ताईंना तो कायदा जाचक वाटत नाही. मालवणच्या खडकांवरची प्रवाळं त्यांनी लहानपणी ओहोटीला पाहिलीत, आणि तिथलं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं तेव्हा घरात झालेले मच्छीमारांच्या बाजूचे वादही त्यांना आठवतात.

शिवाय समुद्राचीच हालत बरी नाही. २०२३च्या उन्हाळ्यात फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळचं पाणी इतकं तापलं की, समुद्रातल्या रोपवाटिकांमधली प्रवाळं उचलून जमिनीवरच्या टाक्यांत आणावी लागली. एप्रिल २०२४मध्ये जागतिक पातळीवरचं चौथं प्रवाळ-विरंजन जाहीर झालं. ताई सांगतात की, आपल्या हॅमरचा मूळ तुकडा कुठल्या समुद्रातून आला हे त्यांना माहीत नाही, पण त्यानंतर टाकीत समुद्रातून काढलेलं काहीच आलेलं नाही. दिलेलं-घेतलेलं सगळं टाक्यांमध्येच कापून वाढवलेलं. म्हणून हे बंद करून टाकावं असं त्यांच्या मनाला पटत नाही.

मग राहतं घर. यजमानांना पंप, वीज, गळती हे सगळं कळतं. वादळात वीज गेली की बॅटरीवरचा हवेचा पंप कुठे आहे आणि आधी प्राणवायू, मग ऊब, हा क्रम त्यांना पाठ आहे. बादली मात्र मोठीने भरायची असं ठरलंय. ती तेरा वर्षांची आहे. उन्हाळ्यापासून ताई तिला शिकवतायत. चष्मा घालते, तळ हलवत नाही, झाकण नीट लावते, एक थेंब सांडत नाही. पाच मिनिटांत काम आटोपून वर येते.

“हॅमर कसा होता गं?” ताई विचारतात.

“ठीक होता, आई.”

ताईंनी तिला एक वही दिली आणि रोज एक गोष्ट लिहायला सांगितली. पहिले काही दिवस ‘सगळं ठीक’ असंच आलं. मग ताईंनी ते दोन शब्द लिहायला मनाई केली. आता वहीत ‘डावीकडचा मासा दगडामागे होता’ असं काहीतरी येतं, कधी खरं, कधी उगाच जागा भरायला. हे बघणं कसं शिकवायचं, त्याचा धडा ताईंना अजून सापडलेला नाही. त्यांना स्वतःला ते १९ लिटरचं पिंप सांडल्यावर आलं, आणि लेकीला तसं यावं असं त्यांना वाटत नाही. तिकिटं नोव्हेंबरअखेर काढायची आहेत. तोवर वही भरायला लागली नाही, तर हॅमर प्रिन्स्टनच्या एका मैत्रिणीकडे जाईल आणि तळघरात दोन मऊ कंद, मशरूम आणि मासे राहतील. मैत्रिणीने तिच्या टाकीत डाव्या कोपऱ्यात जागा करून ठेवलीय.