भिशीची होडी आणि सावित्रीचं पाणी

मैत्रिणींनो, भिशीच्या पैशांचं आपण काय करतो? कुणी मिक्सर घेते, कुणी कानातलं करते, कुणी मुलाच्या क्लासची फी भरून टाकते. महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या सातजणींच्या भिशीनं यंदा मात्र जगावेगळाच बेत केला. चक्क होडी ठरवली! दासगावहून सावित्रीच्या खाडीतून बाणकोटच्या तोंडापर्यंत जायचं, एक रात्र हरिहरेश्वरला राहायचं आणि दुसऱ्या दिवशी परत यायचं. बरोबर नवरे नाहीत, मुलं नाहीत, सकाळचे डबे नाहीत!

बेत ठरला तेव्हा सहाजणींनी टाळ्या वाजवल्या. मी एकटी गप्प बसले.

त्याला कारण होतं. २०२१ साली आम्ही महाड शहरात तळमजल्यावर भाड्यानं राहत होतो. २२ जुलैच्या त्या पुरात पाणी घरात शिरलं ते पंख्यापर्यंत चढलं. आम्ही वरच्या बिऱ्हाडात, मांडीवर मुलं घेऊन बसलेलो. शिलाईचं मशीन गेलं, लग्नाचा शालू गेला, फोटो गेले. त्याच दिवशी तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळून ऐंशीच्यावर माणसं गेली. त्यांच्यापुढं आमचं नुकसान ते काय! पण त्यानंतर आम्ही वसाहतीत राहायला आलो आणि मी नदीकडे बघायचंच सोडून दिलं. पुलावरून एस.टी. जाताना मी डोळे मिटून घेत असे. २०१६च्या ऑगस्टमध्ये इथलाच जुना पूल रात्री वाहून गेला होता, तेही मनात असायचंच.

घरी विषय काढला. वाटलं होतं, हे नाही म्हणतील आणि मी सुटेन. पण हे म्हणाले, ‘‘जाऊन ये. दोन दिवस आम्ही पिठलं-भात खाऊ.’’ सासूबाईंचं माहेर बाणकोटकडचं. त्या तर उठून ओव्याची पुडी बांधायलाच लागल्या. ‘‘अगं, आमच्या वेळी मुंबईला जायचं तर बोटीनंच. मोठी बोट बाहेर उभी राहायची, आपण होडीतून तिच्यापर्यंत जायचं. पोरं काखेत घेऊन बायका चढायच्या. तुला काय झालंय?’’ आता काय बोलणार!

तांडेलकाका आमच्यातल्या एकीच्या माहेरच्या ओळखीचे. त्यांनी दिवस नेमका अष्टमीचा निवडला होता. ‘‘उपासाचा दिवस कशाला हो काका?’’ पोलादपूरच्या ताईंनी विचारलं. काका हसले. ‘‘बाय, अष्टमीला भांगाची भरती. पाण्याला ओढ कमी. पुनव-अवसेला उधाण असतं, ते नव्या माणसाला नको.’’

मग त्यांनी हिशेब सांगितला. तो प्रत्येकीनं पाठ करावा असा आहे. तिथीची पाऊणपट करायची, की आपल्या किनाऱ्यावर भरती पूर्ण होण्याची वेळ साधारण कळते. अष्टमी म्हणजे आठ. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सहाच्या सुमारास तोंडावर भरती पूर्ण. आत दासगावपर्यंत यायला पाण्याला आणखी वेळ लागतो. मग ओहोटी लागली की तिच्याबरोबर आपण खाली निघायचं. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा होते आणि रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते.

सकाळी साडेसातला आम्ही धक्क्यावर हजर. काकांनी आधी लाइफ जॅकेटं घालायला लावली, बंद स्वतः तपासले आणि मगच होडीत पाय ठेवू दिला. मी मधल्या फळीवर बसले ती दोन्ही हातांनी कड धरूनच. महाडजवळ सावित्रीत मगरी आहेत हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे हात बाहेर काढायची कुणाचीच छाती नव्हती! नऊवारी, पाचवारी घरी ठेवून आम्ही सगळ्या पंजाबी ड्रेसमध्ये. एकमेकींकडे बघून हसू आवरेना.

पात्र रुंद झालं तसं काकांनी एंजिन बंद केलं आणि लहानसं शीड उभारलं. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे वाहतो तो मतलई वारा. त्यानं शीड फुगलं आणि एकदम सगळं शांत झालं. फक्त फळ्यांखाली पाण्याची चुळचुळ. काठाला तिवरांची दाट झाडी, चिखलात बगळे, तारेवर निळा खंड्या. बँकेतल्या बाई म्हणाल्या, ‘‘डिसेंबर १९२७मध्ये बाबासाहेब महाडच्या परिषदेला आले ते याच वाटेनं. मुंबईहून बोटीनं हरिहरेश्वर, तिथून खाडीतून दासगाव आणि पुढं पायी.’’ आज आपल्याला हायवे म्हणजेच रस्ता वाटतो. तेव्हा खाडी हाच महाडचा रस्ता होता.

आंबेतला थांबलो. होडीत स्वच्छतागृह नसतं, ही बायकांची अडचण काकांनी न सांगता ओळखली होती. दशम्या, सुकी बटाट्याची भाजी आणि लिंबाचं लोणचं खाल्लं आणि पुढं निघालो.

तिथून पुढं मी धीर करून विचारलं, ‘‘काका, त्या वर्षी पाणी एवढं का हो चढलं?’’

काका जरा वेळ सुकाणूच धरून बसले. मग म्हणाले, ‘‘त्या दिवशी तिथी काय होती, बाय? गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर. म्हणजे उधाण. वरून महाबळेश्वरचा पाऊस आणि खालून समुद्र. पाण्यानं जायचं कुठं?’’

महाबळेश्वरला त्या वेळी एका दिवसात जवळजवळ सहाशे मिलिमीटर पाऊस पडला होता. सावित्री उगम पावते ती तिथंच. मी इतकी वर्षं समजत होते की नदी माझ्या घरावर चालून आली. पण तिलाच त्या दिवशी पुढं वाट नव्हती. हे कळल्यानं शालू परत येत नाही. पण छातीतली धडधड कमी झाली, एवढं खरं.

दुपारी बाराच्या आत बाणकोट दिसलं. डावीकडे डोंगरावर किल्ला. १७५६ साली तो इंग्रजांकडे गेला आणि त्यांनी त्याला व्हिक्टोरिया नाव दिलं. पलीकडे वेळास, नाना फडणविसांचं आणि कासवांचंही गाव. तोंडावर वाळूचा बांध आहे, म्हणून बाहेर समुद्रात न जाता आम्ही उजवीकडे बागमांडल्याला उतरलो.

संध्याकाळी हरिहरेश्वरचं दर्शन घेऊन आम्ही पुन्हा धक्क्यावर आलो. पाणी चढत होतं. मी एक पायरी मनात धरली आणि बघत बसले. पायरी बुडाली. पुढची बुडाली. घड्याळात सव्वासहा, साडेसहा. आणि पाणी थांबलं. काका म्हणाले होते त्याच सुमारास.

मी घरी फोन लावला. सासूबाईंनी घेतला. ‘‘ओवा लागला का गं?’’

‘‘नाही लागला,’’ मी म्हटलं. ‘‘आई, पुढच्या खेपेला तुम्हीही चला.’’

होडीच्या सहलीला जाताना

• होडीला प्रवासी नेण्याचा परवाना आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा. लाइफ जॅकेटं माणशी एक, मोजून घ्या.

• पावसाळ्यात हा बेत नको. १ जून ते ३१ जुलै मासेमारीच्या होड्यासुद्धा बंद असतात.

• मळमळत असेल तर होडीच्या मध्यावर बसा आणि नजर दूरच्या काठावर ठेवा. तेलकट खाऊ नका. आल्याची वडी किंवा ओवा जवळ असू द्या.

• निघण्याची आणि पोचण्याची वेळ घरी लिहून ठेवा.

• नदी-खाडीकाठी राहत असाल तर पावसाळ्यात कॅलेंडरवर पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचे दिवस खुणावून ठेवा. त्या दिवसांत मुसळधार पाऊस लागला, तर कागदपत्रं आणि औषधं आधीच वरच्या मजल्यावर न्या, आणि सूचना मिळताच माणसांनीही वर किंवा सुरक्षित जागी जायला उशीर करू नका.