अंतर्गळ : पट्टा पडेपर्यंत थांबावे का?



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्याला दुसरे काही सुचत नाही. टोळी कधी मिळते, गाडी काट्यावर कधी लागते, यातच जीव गुंतलेला. दुखले-खुपले तर "पट्टा पडल्यावर बघू" म्हणून आपण अंगावर काढतो. जांघेत फुगवटा आला तर लाजेपायी घरातसुद्धा सांगत नाही. म्हणून आज आम्ही या दुखण्याविषयी उघड लिहीत आहोत.

याला अंतर्गळ म्हणतात. डॉक्टर हर्निया म्हणतात. गाडीच्या टायरला चीर गेली की आतली ट्यूब फुगून बाहेर डोकावते. तसेच पोटाच्या भिंतीतली जागा कमजोर झाली की आतली चरबी किंवा आतडे तिथून बाहेर येते. उभे राहिले, खोकले की गोळा दिसतो. आडवे झाले की आत जातो. तो जांघेत, बेंबीपाशी किंवा जुन्या ऑपरेशनच्या व्रणावर येतो. पुरुषांमध्ये जांघेतला जास्त. चौघांपैकी सुमारे एकाला जन्मात केव्हातरी होतो. तेव्हा यात लाजण्यासारखे काही नाही.

मोळी उचलल्यानेच होतो असेही नाही. काहींची ती जागा जन्मतःच कमजोर असते. जुनाट खोकला, बिडी, शौचाला किंवा लघवीला कुंथावे लागणे यांनी भर पडते.

औषधाने, लेपाने किंवा चोळण्याने ही चीर बुजत नाही. कमरेला पट्टा बांधून गोळा दाबून धरता येतो, पण दुखणे बरे होत नाही. लहान बाळाच्या बेंबीचा फुगवटा मात्र बहुधा चार-पाच वर्षांत आपोआप जातो. बाळाच्या जांघेतला जात नाही. तो लवकर दाखवावा.

मग हंगाम संपेपर्यंत थांबावे का? डॉक्टरांना दाखवायला थांबू नये. गोळा सहज आत जात असेल, त्रास नसेल, तर ऑपरेशनची तारीख सोयीने ठरवता येते. बायकांच्या जांघेतला गोळा अडकण्याचा धोका जास्त, त्याला लांबण लावू नये.

पण गोळा आत जाईना, कडक झाला, खूप दुखू लागला, उलट्या झाल्या, वारा सरेना, तर आतडे अडकले असे समजावे. त्याचा रक्तपुरवठा तुटला तर ते काही तासांत सडू लागते. अशा वेळी गोळा जोराने दाबू नये, काही खाऊ-पिऊ नये, रात्र असली तरी शस्त्रक्रियेची सोय असलेला दवाखाना गाठावा. ऊस आठ दिवस उशिरा गेला तर वजनात घट येते. इथे जिवाशी गाठ आहे.

ऑपरेशनात गोळा आत सारून, टायरला आतून गेटर बसवतात तशी कमजोर जागी जाळी बसवतात. त्यामुळे दुखणे उलटण्याचा संभव कमी होतो. काहींना तेवढ्याच जागेची भूल पुरते. दुर्बिणीच्या ऑपरेशनला बहुधा पूर्ण भूल लागते. या जाळीच्या कामात आपल्या महाराष्ट्राचाही वाटा आहे. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी गोरगरिबांसाठी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून जाळी म्हणून वापरले. पुढे युगांडात अशा जाळीची महाग जाळीशी तुलना झाली. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वर्षभरानंतर दोन्हींत लक्षणीय फरक दिसला नाही.

साधे ऑपरेशन असेल तर पुष्कळजण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी येतात. चालणे लगेच सुरू करावे. काही दिवस दुखते, सूज येते, जागा काळी-निळी दिसते. थोड्यांना बधिरपणा किंवा दुखणे बरेच दिवस राहते. ताप, पू किंवा वाढती सूज दिसली तर परत दाखवावे. हलकी कामे आठ-पंधरा दिवसांत जमतात. पोती-मोळ्या उचलायला मात्र साधारण चार ते सहा आठवडे थांबावे आणि डॉक्टरांना विचारूनच हात घालावा.

घरात कुणाला असा गोळा असेल तर आजच विचारा. आपल्या तोडणी कामगारांनाही विचारा. ते तर आपणहून कधीच सांगत नाहीत.