मोटारीचा कार्बुरेटर : दोष ओळखण्याची रीत

महाडाहून पोलादपुरास येऊन पुढें आंबेनळी घाटानें महाबळेश्वर गांठणें, हें नव्या मोटारीस कांहींच वाटत नाहीं. जुन्या मोटारीची मात्र ती परीक्षाच होय. आमच्या घरीं वडिलांच्या वेळची एक प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार झालेली ही गाडी मुंबईंत टॅक्सी म्हणून सर्वांच्या परिचयाची होती. 2023 च्या ऑक्टोबरांत तेथील पद्मिनी टॅक्सींची अखेर झाली. आमची गाडी अद्याप चालते. तिनें आम्हांस घाटांत जो धडा दिला, तो विद्यार्थिमित्रांस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें सांगत आहों.

प्रथम कार्बुरेटर म्हणजे काय तें पाहूं. पेट्रोल नीट जळावयाचें तर तें हवेंत मिसळलें पाहिजे. एक शेर पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनानें सुमारें पावणेपंधरा शेर हवा लागते. हें मिश्रण करून देणें हेंच कार्बुरेटरचें काम. त्यांत पेट्रोलाची एक लहान वाटी असते. तींतील पोकळ फ्लोट वर आला कीं सुईची झडप मिटते आणि पेट्रोल येणें थांबतें. फ्लोट खालीं गेला कीं तें पुनः येऊं लागतें. इंजिन जी हवा ओढतें ती अरुंद गळ्यांतून जातांना तिचा वेग वाढतो व दाब कमी होतो. त्यामुळें वाटींतील पेट्रोल जेटच्या बारीक छिद्रांतून वर चढतें आणि फवाऱ्याच्या रूपानें हवेंत मिसळतें. अशा फवाऱ्याचा कार्बुरेटर जर्मनींत विल्हेल्म मायबाख ह्यानें 1893 च्या सुमारास सिद्ध केला.

आतां दोष पाहूं. ते मुख्यतः दोनच : पेट्रोल कमी पडणें किंवा जास्त होणें. जास्त झाल्यास धूर काळा येतो, पेट्रोलाचा वास सुटतो व प्लगवर काजळी धरते. अशा वेळीं सुईची झडप, फ्लोट व अडकलेला चोक हीं पाहावीं. कमी पडल्यास गाडी अडखळते व प्लग पांढरट दिसतो. तेव्हां जेटमधील कचरा, गाळणी, पंप आणि कार्बुरेटरच्या बुडाशीं हवा शिरते काय, हें पाहावें. प्लग तपकिरी असला तर मिश्रण योग्य समजावें. आणखी एक सोपी कसोटी आहे. इंजिन गरम असतां चोक थोडा ओढावा. त्यानें गाडी सुधारली तर पेट्रोल कमी, बिघडली तर जास्त. जेट साफ करतांना तार मात्र घालूं नये; छिद्र मोठें होतें व दोष कायमचा राहतो. तें हवेनेंच फुंकावें. ह्या सर्वांच्या आधीं प्लगला ठिणगी येते कीं नाहीं हें पाहावें, कारण विजेच्या दोषाचा आळ कार्बुरेटरवर पुष्कळदां येतो.

आतां आमची हकीकत. 22 जुलै 2021 रोजीं महाडास जो महापूर आला, त्यांत आमची गाडी बुडाली. पुढें इंजिन उघडून साफ केलें, टाकी धुतली आणि गाडी पूर्ववत् चालूं लागली. परंतु लांब चढाव लागला कीं ती गचके खाऊन बंद पडे. चोक ओढल्यास दहा पावलें जाई, म्हणजे पेट्रोल कमी पडत होतें. मिस्त्रींनीं कार्बुरेटर दोनदां उघडला. तो स्वच्छच होता. मग त्यांनीं निदान केलें कीं, उष्णतेनें पंपांत पेट्रोलाची वाफ होते. ह्यावर पंपावर ओलें फडकें ठेवून थांबावें, हा प्रसिद्ध उपाय. आम्हीं तसें केलें, आणि पाव तासानें गाडी सुरू होई. त्यामुळें निदान खरेंच वाटलें.

पुढें डिसेंबरच्या एका थंड पहांटे वृद्ध मातोश्रींस घेऊन आम्ही निघालों. पोलादपूर सोडून घाट चढूं लागलों तोंच ऐन वळणावर गाडी बंद पडली. वरून एस. टी. येत होती. चाकामागें दगड लावून, हात हालवून आम्हीं ती थांबविली. अनर्थ टळला, पण हातपाय कांपत होते. त्या थंडींत वाफेची सबब चालणार नव्हती. मग स्मरण झालें कीं, टाकी काठोकाठ भरून निघालों म्हणजे हें लवकर घडतें. आम्हीं टाकीचें झांकण फिरविलें, तों सुस्कारा टाकल्यासारखी हवा आंत शिरली आणि गाडी तत्काळ सुरू झाली!

झांकणांत हवेसाठीं बारीक छिद्र असतें. तें पुराच्या गाळानें बुजलें होतें. पेट्रोल जसें कमी होई तशी टाकींत पोकळी वाढे आणि पंपास ओढ लागत नसे. टाकी भरलेली असल्यास आंत हवा थोडी, म्हणून तिचा दाब लवकर घटे. आणि पाव तास थांबल्यानें हवा हळूहळू झिरपे. श्रेय मात्र ओल्या फडक्यास मिळे.

दोन सूचना आणखी. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारें साडेतेराशें मीटर उंच आहे; तेथें हवा सुमारें एक अष्टमांशानें विरळ असते. त्यामुळें मिश्रणांत पेट्रोल जास्त होऊन जुनी गाडी थोडी मंद चालते. हा दोष नव्हे. तेथें स्क्रू फिरवूं नये. दुसरें, आतां पेट्रोलांत 20 टक्के इथेनॉल असतें. तें पाणी शोषतें व जुनें रबर खराब करतें. यास्तव पंपाचा पडदा व नळ्या वेळोवेळीं तपासाव्या, कारण गळणारें पेट्रोल म्हणजे आगीस निमंत्रण होय.

मित्रहो, उपायानें गुण आला म्हणून निदान खरें ठरत नाहीं. दोष केव्हां येतो व केव्हां येत नाहीं, हें दोन्ही लिहून ठेवावें. आम्हीं तसें आधींच केलें असतें, तर मातोश्रींस त्या वळणावर थंडींत उभें राहावें लागलें नसतें.