कालच्या टॉर्टियाची आजची न्याहारी

मेक्सिको सिटीतल्या कोंदेसा भागात आल्फोन्सो रेयेस आणि तामाउलीपास हे दोन रस्ते मिळतात, त्या कोपऱ्यावर सकाळी रांग लागते ती एका पावासाठी. बोलीयो नावाचा लांबट, वरून कडक आणि आतून मऊ पाव मधोमध चिरायचा, त्यात हिरव्या किंवा लाल साल्सात मुरलेले टॉर्टियाचे, म्हणजे मक्याच्या पातळ पोळीचे, तुकडे कोंबायचे, वर तळलेलं चिकन, आंबटसर साय आणि चीज. मक्याचे तुकडे आणि तेही पावात, हे ऐकून नाक मुरडणारा माणूसही पहिल्या घासानंतर गप्प होतो. आतल्या तुकड्यांचं नाव चिलाकिलेस. शहरातल्या चकचकीत रेस्टॉरंटांत हाच पदार्थ मोठ्या बशीत येतो, त्यावर अंडं असतं, शेजारी कॉकटेलचा ग्लास असतो आणि मेन्यूवर ‘ब्रंच’ असं छापलेलं असतं.

ब्रंचच्या वेळचं खाणं मेक्सिकोत मुळीच नवं नाही. सकाळी उठल्यावर कॉफी किंवा चॉकलेट आणि गोड पाव, हा देसायुनो. दहा ते बाराच्या सुमारास भरपेट खाणं, तो आल्मुएर्सो. दिवसाचं मुख्य जेवण म्हणजे कोमिदा, आणि ते दुपारी दोन ते चारच्या दरम्यान होतं. पहाटे कामावर गेलेल्या माणसाला मधल्या वेळी कडकडून भूक लागते, म्हणून आल्मुएर्सोत अंडी, बीन्स, मांस, साल्सा असं दणकट खाणं असतं. रविवारी तर इदाल्गो राज्यातल्या पद्धतीची बार्बाकोआ खायला कुटुंबंच्या कुटुंबं बाहेर पडतात. घायपाताच्या जाड पानांत गुंडाळलेलं मेंढीचं मांस जमिनीतल्या तापलेल्या खड्ड्यात रात्रभर शिजतं आणि खाली ठेवलेल्या भांड्यात त्याचा रस ठिबकत राहतो. सकाळी आधी तो रस्सा प्यायचा, मग मांस टॉर्टियात घालून खायचं.

पण पहिल्यांदाच मेक्सिकन ब्रंच चाखणाऱ्याने सुरुवात करावी ती चिलाकिलेसपासूनच. आदल्या दिवशीच्या उरलेल्या टॉर्टिया हा त्याचा कच्चा माल. रात्रीच्या पोळ्यांची सकाळी फोडणीची पोळी होते, तोच हा हिशेब. ताजी टॉर्टिया इथे कामाची नाही. तिच्यात ओल जास्त असते, त्यामुळे साल्सात पडताच तिचा लगदा होतो. वातड झालेली शिळी टॉर्टिया त्रिकोणी कापून तळली की कडक होते आणि साल्सा शोषूनही आपला आकार राखते.

साल्सा दोन प्रकारचा. हिरव्यात तोमातियो हे रसभरीच्या कुळातलं, कागदी वेष्टनातलं आंबट फळ, हिरव्या सेरानो मिरच्या, कांदा आणि लसूण असतो. लाल साल्सात टोमॅटो आणि सुकवलेल्या ग्वाहीयो मिरच्या; रंग भडक, तिखटपणा बेताचा. सगळं तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजून किंवा उकडून वाटतात आणि ते वाटण गरम तेलात ओततात. चर्र आवाज होतो, कडेने तेल सुटतं, कच्चा वास जातो. मग तळलेले तुकडे त्यात टाकून एक-दोनदाच वरखाली करायचे आणि लगेच बशीत काढायचे. वर पातळ आंबट क्रेमा, हाताने कुस्करलेलं ताजं चीज, कांद्याच्या चकत्या. तुकडे कुरकुरीत असावेत की पूर्ण मुरलेले, यावर घराघरांत वाद आहेत. कडेला कुरकुरीत आणि मध्ये मऊ अशी जी अवस्था मोजकी मिनिटं टिकते, तीच खरी. म्हणून बशी समोर आल्यावर फोटो काढत बसणं म्हणजे पदार्थावर अन्याय. हा पदार्थ निदान सव्वाशे वर्षांपूर्वी पुस्तकात आला आहे: १८९८ साली सॅन फ्रान्सिस्कोत प्रसिद्ध झालेल्या एन्कार्नासिओन पिनेदो यांच्या स्पॅनिश पाककृतींच्या पुस्तकात चिलाकिलेस आहेत.

अंड्यांचे प्रकार पुष्कळ. हलक्या तळलेल्या टॉर्टियांवर अंडी आणि वरून शिजवलेला टोमॅटो-मिरचीचा साल्सा, हे उएवोस रांचेरोस. ‘घटस्फोटित अंडी’ अशा नावाच्या पदार्थात एका अंड्यावर लाल साल्सा, दुसऱ्यावर हिरवा आणि मध्ये बीन्सची किंवा चिलाकिलेसची भिंत. सगळ्यांत थाटाचा प्रकार युकातान द्वीपकल्पातल्या मोतुल गावचा: टॉर्टियावर काळ्या बीन्सचा लेप, अंडी, टोमॅटो साल्सा, हॅम, मटार, चीज आणि बाजूला तळलेली केळी. गोड केळं आणि खारट चीज एका घासात आलं की या मांडणीतलं डोकं कळतं. शाकाहारी माणसाने मात्र बीन्स कशात परतलेत हे विचारून घ्यावं. पारंपरिक स्वयंपाकघरात ते डुकराच्या चरबीत परततात.

बाहेर जाऊन न्याहारी करण्याची या शहराची हौसही जुनी आहे. डिसेंबर १९१४ मध्ये सापाता आणि व्हिया या क्रांतिकारी नेत्यांच्या फौजा मेक्सिको सिटीत शिरल्या, तेव्हा सॅनबॉर्न्स या उच्चभ्रू उपाहारगृहाच्या काउंटरवर बसून खाणाऱ्या सापाताच्या शेतकरी सैनिकांचं छायाचित्र निघालं. रुंद टोप्या घातलेली ती माणसं आणि त्यांना वाढणाऱ्या गणवेशातल्या मुली, हे चित्र मेक्सिकोत आजही घराघरांत ओळखलं जातं. शहराच्या जुन्या भागातलं काफे दे ताकुबा १९१२ पासून सुरू आहे. १९६९ पासून चालणाऱ्या एल कार्देनालमध्ये सकाळी फेसाळ चॉकलेट येतं, आणि शिंपल्यासारखी नक्षी असलेल्या कोंचा या गोड पावासोबत चक्क दुधावरची दाट साय. साय-साखरेवर वाढलेल्या मराठी माणसाने ती जरूर मागवावी.

या सगळ्या बशांच्या तळाशी टॉर्टिया आहे आणि टॉर्टियाच्या तळाशी एक विलक्षण रसायनविद्या. मक्याचे वाळलेले दाणे नुसते दळून टॉर्टिया होत नाही. ते आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात आणि रात्रभर तसेच ठेवतात. चुना म्हणजे विड्याच्या पानाला लावतात तोच. सकाळपर्यंत दाण्यांची सालं सुटतात, दाणे फुगतात. मग धुऊन ते ओलेच वाटले की हाताला न चिकटणारं, थापता येणारं पीठ तयार होतं. या प्रक्रियेला निश्तामाल करणं म्हणतात आणि ती किमान तीन हजार वर्षं जुनी आहे. चुन्यामुळे मक्यातलं अडकून पडलेलं नायासिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू शकतं, वर कॅल्शियमही वाढतं. युरोपीय लोकांनी मका नेला, पण ही रीत नेली नाही. परिणामी अठराव्या शतकापासून उत्तर इटलीत आणि विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागात मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा या रोगाने छळलं. मेक्सिकोतल्या बायका पाट्यावर जे पीठ वाटत आल्या, त्यात एवढं शहाणपण साठलेलं होतं. २०१० साली युनेस्कोने मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, त्यात मका आणि निश्तामाल यांना मानाचं स्थान आहे.

आता ग्लासांकडे वळू. मद्य नको असेल तर आग्वा दे हामाइका मागवावं: लाल अंबाडीच्या बोंडांचं गार, आंबट-गोड, माणकासारखं लाल पेय. नाहीतर काफे दे ओया, म्हणजे मातीच्या भांड्यात दालचिनी आणि गूळ घालून उकळलेली कॉफी.

मद्य हवं असेल तर सकाळच्या वेळेला शोभते ती मिचेलादा. ग्लासच्या काठावर लिंबू फिरवून तो काठ मीठ-तिखटात टेकवतात. आत बर्फ, भरपूर लिंबाचा रस, वूस्टरशर सॉस, मॅगीचा काळा अर्क, तिखट सॉसचे थेंब आणि मग वरून हलकी गार बिअर. लिंबूही ओळखीचं, मेक्सिकोतलं छोटं लिंबू आणि आपलं कागदी लिंबू एकाच जातीचं आहे. बिअरमध्ये मिरची ही कल्पना काहींना रुचत नाही. पण साल्सा, अंडी आणि बीन्स खाताना तोंडाला जो आंबट, खारट, गार घोट हवा असतो तो तिच्यातून बरोबर मिळतो. वूस्टरशर सॉसमध्ये बहुधा मासळी असते, हेही शाकाहाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

मार्गारिटाचं नाव जगभर झालं. ती पहिल्यांदा कोणी बनवली याचे दावेदार तिहुआनापासून आकापुल्कोपर्यंत पसरलेले आहेत. बर्फाच्या चुऱ्यातली फ्रोझन मार्गारिटा यंत्रातून काढायची युक्ती मात्र अमेरिकेतल्या डॅलसची: १९७१ साली मारियानो मार्टिनेझ या रेस्टॉरंटवाल्याने आइस्क्रीमच्या यंत्रात फेरफार करून ती साधली. ती गोडमिट्ट असते आणि जिभेला बधिर करते. ब्रंचसोबत त्यापेक्षा पालोमा कितीतरी बरी. टकीला, लिंबू, चिमूटभर मीठ आणि ग्रेपफ्रूटचा सोडा. किंचित कडू, हलकी, मेक्सिकोत मनापासून प्यायली जाणारी. खाणं आटोपल्यावर बर्फावर ओतलेली एस्प्रेसो आणि स्पॅनिश लिक्युअर यांचं काराहियो मागवण्याची पद्धत आहे.

पालोमा चांगली की वाईट हे बाटली ठरवते. टकीला बनते निळ्या घायपातापासून, तीही प्रामुख्याने हालिस्को राज्यात आणि आणखी चार राज्यांच्या ठरलेल्या भागांत. १९७४ पासून या नावाला कायद्याचं संरक्षण आहे. रोप तयार व्हायला साधारण सहा ते आठ वर्षं जातात. मग हिमादोर कामगार गोल पात्याच्या कोआने पानं तासतो आणि मधला अननसासारखा दिसणारा अवजड गड्डा भट्टीत शिजायला जातो. कायद्याने टकीलात ५१ टक्के साखर घायपाताची असली तरी चालते, उरलेली उसाची घालता येते. म्हणून बाटलीवर शंभर टक्के आगावे (म्हणजे घायपात) असं लिहिलेलं आहे का, हे पाहून मगच मागवावं. शंभर टक्क्यांच्या बाटलीची चवच वेगळी, हिरव्या पाल्यासारखी आणि मिरीसारखी असते. मेस्काल हे घायपाताचंच दुसरं मद्य त्याहून धुरकट. गड्डे जमिनीतल्या खड्ड्यात लाकडावर भाजतात म्हणून. वाहाका राज्यात मेस्काल संत्र्याच्या फोडीसोबत घुटक्याघुटक्याने पितात. कॉकटेलमध्ये ओतून ते वाया घालवू नये, असं म्हणणाऱ्यांशी सहमत व्हावंसं वाटतं.

दख्खनच्या पठारावर शेताच्या बांधांना कुंपण म्हणून घायपात पूर्वीपासून लावतात; दोरासाठी त्याचा वाख काढतात. भारतात मद्यासाठीही त्याचा उपयोग सुरू झाला आहे. डेस्मंड नाझरेथ यांनी दख्खनच्या घायपातापासून डेस्मंडजी हे मद्य बाजारात आणलं. पुढे गोव्यातून पिस्तोला हे घायपाताचंच दुसरं मद्य आलं. मेक्सिकोच्या त्या ठरलेल्या भागांबाहेर बनत असल्यामुळे दोन्हींच्या बाटल्यांवर टकीला असं लिहिता येत नाही, पण पालोमात दोन्ही उत्तम जमतात. त्यांच्यासोबत चिलाकिलेस मागवायचे असतील, तर टॉर्टिया मक्याची आहे की मैद्याची, एवढं वेटरला आधी विचारून घ्यावं. मैद्याची असेल तर त्या दिवशी उएवोस रांचेरोसही सोडून द्यावेत आणि साधं ऑम्लेट खावं.