नऊ गड्यांचा खेळ

क्रिकेटमध्ये एखादा कसलेला फलंदाज खेळपट्टीवर ठाण मांडून उभा राहिला, की दिवसभर खेळतो आणि एकट्याच्या बळावर सामन्याचे पारडे फिरवतो. अमेरिकेत लोकप्रिय असलेल्या बेसबॉल या खेळात मात्र तशी सोय नाही. तेथे नऊ गडी ठरलेल्या क्रमाने, एकामागून एक, फलंदाजीस येतात. एखाद्याने कितीही जोरदार टोला मारला, तरी बॅट पुन्हा हाती घेण्यापूर्वी त्याला उरलेल्या आठ जणांची पाळी होऊन जाण्याची वाट पाहावी लागते. एका सामन्यात त्याची पाळी साधारणपणे चार-पाच वेळाच येते. चेंडू फेकणाऱ्या गड्याला पिचर म्हणतात. सामन्याचे भवितव्य पुष्कळसे त्याच्या हाती असते. परंतु एका सामन्यात भरपूर चेंडू फेकल्यावर त्याच्या खांद्याला काही दिवस विश्रांती द्यावीच लागते.

व्यावसायिक बेसबॉलमध्ये संघांचे मालक नामांकित खेळाडूंसाठी अमाप पैसा खर्च करतात. त्यामुळे एक प्रश्न तेथे नेहमी विचारला जातो. संघ जिंकतो तो एखाद्या अलौकिक खेळाडूमुळे, की साऱ्यांच्या मेळामुळे? या खेळाच्या इतिहासात त्याचे उत्तर शोधता येते.

शिकागो शहराच्या कब्ज संघात १९५३ ते १९७१ पर्यंत अर्नी बँक्स नावाचा खेळाडू होता. त्याने आपल्या कारकिर्दीत ५१२ होम रन काढले. होम रन म्हणजे असा टोला, की ज्यावर फलंदाज एका दमात चारही बेसांना फेरी घालून परत येतो. १९५८ व १९५९ अशी लागोपाठ दोन वर्षे बँक्स आपल्या लीगमधील सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला. पण त्या दोन्ही वर्षी त्याचा संघ जिंकला त्यापेक्षा अधिक सामने हरला. अजिंक्यपदासाठी होणाऱ्या वर्ल्ड सिरीज या सामन्यांत खेळण्याचे भाग्य बँक्सला एकदाही लाभले नाही. अगदी अलीकडेही असेच घडले. २०१८ ते २०२३ या सहा हंगामांत माइक ट्राउट आणि शोहेई ओहतानी हे दोन असामान्य खेळाडू एंजल्स या एकाच संघात होते. जपानमधून आलेला ओहतानी तर उत्तम पिचर आणि उत्तम फलंदाज अशा दोन्ही नात्यांनी गाजलेला आहे. तरीही त्या सहा वर्षांत त्यांचा संघ एकदाही अंतिम फेऱ्यांपर्यंत पोहोचला नाही. पुढे ओहतानी डॉजर्स या सर्व बाजूंनी भक्कम असलेल्या संघात गेला आणि त्याच वर्षी, २०२४ मध्ये, त्या संघाने वर्ल्ड सिरीज जिंकली.

याच्या उलट उदाहरण न्यूयॉर्कच्या मेट्स संघाचे आहे. हा संघ १९६२ साली स्थापन झाला आणि पहिल्याच हंगामात तब्बल १२० सामने हरला. त्याची सर्वत्र थट्टा होऊ लागली. १९६८ साली गिल हॉजेस हा शांत व शिस्तप्रिय गृहस्थ संघाचा व्यवस्थापक झाला. समोरचा पिचर उजव्या हाताचा आहे की डावखुरा, हे पाहून तो गड्यांची अदलाबदल करी. त्यामुळे कोणीही कायमचा बसून राहिला नाही आणि आपलीही गरज आहे, हे प्रत्येकाला कळले. १९६९ साली मेट्सने १०० सामने जिंकले व वर्ल्ड सिरीजमध्ये बाल्टिमोरच्या बलाढ्य ओरिओल्स संघाला ४-१ असे हरवले. शेवटच्या सामन्यात मेट्स मागे असताना अ‍ॅल वाइस या गड्याने होम रन काढून बरोबरी साधली. संपूर्ण हंगामात त्याने केवळ २ होम रन काढले होते!

तथापि केवळ एकजुटीने सारे साधते, असे समजणे चुकीचे ठरेल. मेट्सच्या त्या विजयी संघात टॉम सीव्हर हा श्रेष्ठ पिचर होता व त्या हंगामात २५ सामन्यांचे यश त्याच्या नावावर जमा झाले होते. गाव करी ते राव न करी, ही म्हण खरी आहे. पण गावात कर्तबगार माणसेही असावी लागतात.

मग संघातील मेळ म्हणजे नेमके काय? सर्व गड्यांची एकमेकांशी घनिष्ठ मैत्री, असे पुष्कळांना वाटते. शिकागोच्या कब्ज संघातीलच एक जुनी हकिकत या समजुतीला धक्का देते. विसाव्या शतकाच्या आरंभी या संघात टिंकर, एव्हर्स आणि चान्स असे तीन क्षेत्ररक्षक होते. बेसबॉलच्या मैदानात चौरसाच्या चार कोपऱ्यांवर चार बेस असतात व दोन बेसांमध्ये ९० फुटांचे अंतर असते. समजा, प्रतिपक्षाचा एक गडी पहिल्या बेसवर उभा आहे आणि फलंदाजाने चेंडू जमिनीलगत टोलवला. टिंकर तो चेंडू अडवी व दुसऱ्या बेसच्या दिशेने फेकी. एव्हर्स तेथे धावत येऊन चेंडू झेली, बेसला पाय लावी आणि त्याच झोकात तो पहिल्या बेसवरील चान्सकडे धाडी. अशा रीतीने अवघ्या चार-साडेचार सेकंदांत दोन गडी बाद होत.

आश्चर्य असे, की टिंकर आणि एव्हर्स यांचे १९०५ साली एका क्षुल्लक कारणावरून भांडण झाले होते व त्यानंतर अनेक वर्षे ते एकमेकांशी बोलत नसत. तरीही त्यांच्या संघाने १९०६ साली ११६ सामने जिंकले आणि १९०७ व १९०८ अशी लागोपाठ दोन वर्षे वर्ल्ड सिरीज पटकावली. पुढे १९४६ साली या तिघांचीही निवड बेसबॉलमधील श्रेष्ठ खेळाडूंच्या सन्माननीय नामावलीत एकाच वेळी झाली.

हे कसे शक्य झाले? टिंकरच्या हातून चेंडू सुटे, तेव्हा एव्हर्स पुष्कळदा बेसवर पोहोचलेलाही नसे. तो वेळेवर तेथे येईल, असा टिंकरला विश्वास असे. आणि चेंडू नेमका आपल्या हाती येईल, हे एव्हर्सला ठाऊक असे. दोघांनी मनातला राग मैदानाबाहेर ठेवला आणि आपले काम चोख केले. मैत्री असती, तर त्यांचे दिवस अधिक आनंदात गेले असते, यात शंका नाही. परंतु संघाला त्यांच्याकडून हवा होता तो हा विश्वास, आणि तो त्यांनी कधी ढळू दिला नाही.

श्रेष्ठ खेळाडू संघाचे बळ वाढवतो. ते बळ विजयापर्यंत नेण्यासाठी मात्र उरलेल्या आठ जणांनीही आपापल्या जागी दक्ष उभे राहावे लागते.