देवबागच्या विहिरी आणि मे महिन्याची सुट्टी

मालवणजवळचं देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदीची खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. इथल्या विहिरींना गोडं पाणी कसं मिळतं, माहितीये?

पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि हलकं असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. ढोबळ नियम असा: गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा 1 मीटर वर असेल, तर खाली सुमारे 40 मीटरपर्यंत गोडं पाणी टिकू शकतं. उपशाने वरची पातळी थोडी जरी उतरली, तरी खालून खारं पाणी कितीतरी जास्त वर चढतं. एकदा विहीर मचूळ झाली की सुधारायला वेळ लागतो.

1997 साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. रोजगार आला, तो हवाच. पण किनाऱ्यावर गर्दी उसळते ती नेमकी मे महिन्यात, विहिरी तळाला गेलेल्या असताना. कोकणात सरासरी 3000 मिमीच्या आसपास पाऊस पडतो, पण बराचसा समुद्राला मिळतो.

उपाय आहेत: छपराचं पाणी विहिरीत सोडणं, बोअरवेलवर मर्यादा, सांडपाणी बागेला.

आणि पाहुण्यांनो, अंघोळीला शॉवरऐवजी बादली घ्या. खोली ठरवताना मालकांना विचारा, “पावसाचं पाणी साठवता का?”

#कोकण #देवबाग #पाणी