पाच वॅटमध्ये मुंबई

बीडजवळच्या नारायणगडावर, म्हणजे धाकट्या पंढरीत, उभे राहिले की खालचा मुलूख लांबवर नजरेत येतो. हॅम रेडिओवाल्यांना, म्हणजे हौसेने रेडिओ संच चालवणाऱ्यांना, असा उंचवटा मोलाचा. व्हीएचएफ लहरी साधारण नजरेच्या टप्प्यात जातात, त्यामुळे हातातल्या संचावरूनही खालच्या गावांशी बोलता येते. पण मुंबई-कोलकाता गाठायचे तर शॉर्टवेव्ह हवी. ती लहर आयनांबरावर आपटून खाली येते, आणि विजांच्या खरखरीत बोललेले शब्द विरून जातात. तिथे मोर्स कोड कामी येतो.

यामागचे गणित सोपे आहे. बोलण्याला सुमारे २५०० हर्ट्झची जागा लागते. मोर्स म्हणजे चालू-बंद होणारा एकच सूर. त्याला २५० हर्ट्झचा फिल्टर पुरतो. फिल्टर दहापट अरुंद केला की गोंगाटही दहापट घटतो. ढोबळमानाने, ५ वॅटचा मोर्स ५० वॅटच्या आवाजाइतके काम करतो. एवढी वीज मोटारसायकलची बॅटरीही देते. ट्रान्समीटर चार-दोन ट्रान्झिस्टरचा, घरी सोल्डरिंग करून जोडण्याजोगा. ४० मीटर बँडसाठी अँटेना म्हणजे झाडांना ताणून बांधलेली २० मीटर तार.

‘डा-डी-डा-डिट, डा-डा-डी-डा’ ऐकू आले की समजावे, कुणीतरी ‘सीक्यू’ म्हणतोय: ऐकणाऱ्या कुणीही उत्तर द्यावे. मग कॉलसाइन, म्हणजे स्टेशनची ओळखखूण, आपल्याकडे बहुधा व्हीयू२ किंवा व्हीयू३ने सुरू होणारी. ५९९ म्हणजे खणखणीत ऐकू येतंय, आणि निरोप घेताना ७३, शुभेच्छा. मुरलेला ऑपरेटर टिंबे-रेघा मोजत नाही, अख्ख्या अक्षराचा नाद ओळखतो. म्हणून मोर्स तक्त्यावरून पाठ करू नये, कानाने शिकावा. तक्त्यावरून शिकणाऱ्याचा वेग पुढे हमखास अडतो.

२००३च्या जिनिव्हा रेडिओ परिषदेनंतर शॉर्टवेव्हसाठी मोर्स परीक्षेची आंतरराष्ट्रीय सक्ती उठली. अमेरिकेने २००७मध्ये ती काढली. तरी नोव्हेंबरअखेरच्या सीक्यू वर्ल्डवाइड मोर्स स्पर्धेत आजही बँडवर पाय ठेवायला जागा नसते. २०१७मध्ये आलेली एफटी८ ही डिजिटल पद्धत कानाला न पकडता येणारे सिग्नलही टिपते, हे मान्यच करायला हवे. पण तिला संगणक लागतो, सेकंदाला धरून चालणारे घड्याळ लागते. मोर्सला एक की आणि तयार कान पुरतो.

मराठवाड्याला हॅम रेडिओ परका नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी भूकंपाने हादरली, तेव्हा हॅम मंडळी संच घेऊन धावली. बीडच्या शेजारच्याच लातूर-धाराशिवची ही गोष्ट. इथल्या प्रत्येक तालुक्यात निदान एका कॉलेजात हॅम स्टेशन असावे, आणि तिथल्या पोरांना मोर्स यावा, असे मला मनापासून वाटते. परवान्याच्या परीक्षेला वयाची अट फक्त १२ वर्षांची आहे; रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स लागत नाही. तिथून सुरुवात करावी, आणि रोज पंधरा मिनिटे कानाला द्यावीत.